काचेवरचा पांढरा हात

१

गिरजाबाईंचा आवाज नाहीसा झाल्याचं सगळ्यांत आधी त्यांच्या नवऱ्याला, भैरूला कळलं.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचा जानेवारी. उन्हं वर येईपर्यंत खाडीवरचं धुकं हलायचं नाही, आणि दिवाळे गावाहून चालत येणारा भैरू त्या धुक्यातूनच बेलापूरच्या खाडीदालन संग्रहालयाच्या पायऱ्यांवर उगवायचा. देवळात शिरावं तशा चपला बाहेर काढायचा. आत जुन्या होडीशेजारी एका उभ्या लाकडी पेटीत उजळलेली काच बसवली होती. काचेवर चित्रं होती: जाळं, मिठागर, खेकडा, होडी. चित्राला बोट लावलं की त्या गोष्टीबद्दल कुणीतरी बोलू लागायचं. होडीला बोट लावलं की गिरजाबाई हाक मारायच्या. धुक्यात अडकलेल्या होड्यांना बायका काठावरून घालत, ती हाक. शब्द एकच, लांबच लांब ओढलेला: "याऽऽऽ."

गिरजाबाईंना जाऊन सहा महिने झाले होते. भैरू रोज यायचा, होडीला बोट लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा.

त्या सकाळी होडी उजळली, पण हाक आली नाही. त्यानं पुन्हा बोट लावलं. मग काचेवर अख्खा तळवा ठेवला.

"पंढरी," त्यानं पहारेकऱ्याला हळूच विचारलं, "ही बोलत का नाय रं?"

यंत्र बनवणारा कुलदीप शेडगे धावत आला. त्याच्या उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत जाड पांढरं बँडेज होतं. डाव्या हाताच्या बोटानं त्यानं काचेच्या चार कोपऱ्यांना एका ठरावीक क्रमानं स्पर्श केला. चित्रं गेली आणि आवाजांची यादी आली. होडीसमोरची जागा रिकामी होती.

"बिघाड नाहीये मॅडम," तो म्हणाला. "कोणीतरी पुसलाय."

दालनाच्या प्रमुख सुनीती गद्रे क्षणभर त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. मग वाकून त्यांनी प्लगच ओढून काढला.

"आता या यंत्राला कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "आणि कुलदीप, तू तर नाहीच."

२

अरुणा सबनीस पोलिसांच्या ठसे विभागातून निवृत्त होऊन सीवूड्सला राहायला आल्या होत्या. फ्लॅटच्या गॅलरीतून खाडी दिसायची. दुपारी त्या तिथे वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसत. झोप आणि जाग यांच्या मधल्या पट्ट्यात आपलं डोकं सगळ्यांत चांगलं चालतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

सुनीती त्यांच्याकडे आल्या तेव्हा त्या तशाच बसल्या होत्या.

"बोला. मी ऐकतेय," डोळे न उघडता त्या म्हणाल्या.

"उद्या समितीची मीटिंग आहे. कुलदीपवर पोलीस केस करायची असं सगळे म्हणतायत. कोपऱ्यांची ती खूण त्याला आणि मलाच माहीत. त्यात त्याचा राग आहे. दालनाच्या पाटीवर सगळ्यांची नावं लागली, त्याचं राहिलं. माझ्याशी वाजलंही होतं त्याचं."

"मूळ फीत असेल ना?"

"होती. पावसाळ्यात बुरशी लागली तिला. यंत्रातला आवाज तेवढा उरला होता. वर्षभर मागे लागून मी गिरजाबाईंना बोलतं केलं होतं हो. तशी हाक घालणारं आता दिवाळ्यात कुणी नाही."

"कुणी काही पाहिलं?"

सुनीती घुटमळल्या. "पंढरीनं पाहिलं. आदल्या दुपारी. काचेवर एक पांढरा हात."

"बँडेजचा?"

"तसं सगळे म्हणतात. पण…" त्यांनी पर्समधून पांढरे सुती हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "जुने फोटो हाताळताना मी हे घालते. दिवसभर घालूनच असते. म्हणजे तो हात माझाही असू शकतो, अरुणाताई. समितीत हे कुणी बोललं नाही. उद्या बोलतील."

अरुणाताईंनी डोळे उघडले.

३

पंढरी मूळचा साताऱ्याकडचा. दालनासमोरच्या करंजाच्या सावलीत त्याची खुर्ची होती आणि दुपारी त्याचा डोळा लागायचा, हे त्यानं न विचारताच कबूल केलं.

"म्या खोटं न्हाई बोलणार बाई. पेंगतच हुतो. डोळं किलकिलं झालं तर आत ऊन पडल्यालं. खिडकीतनं तिरीप येती बगा, ती नेमकी त्या काचंवर. आन् शिडामागनं एक हात आला. पांढराफेक."

काचेच्या पेटीशेजारी होडीचं जुनं शीड छतापासून टांगलेलं होतं. त्यामागे उभं राहिलेलं माणूस बाहेरून दिसत नसे, हे अरुणाताईंनी स्वतः जाऊन पाहिलं.

"हात काय करत होता?"

"हिकडं टेकला, तिकडं टेकला. मग चित्रं बदलली. हात लावंल तसं आत हलत हुतं. मला वाटलं सपान पडलंय. पाण्याखाली बघावं तसं वाटत हुतं सगळं. परत डोळं मिटलं."

"चित्रं बदलली? नक्की?"

"त्यो हात टेकला की बदलायची. तेवढं पक्कं ध्यानात हाय."

कुलदीप मागच्या खोलीत मान खाली घालून बसला होता. त्याचे वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते, आणि पोरगं कॉम्प्युटरमध्ये गेलं म्हणून त्यांनी सगळ्या गाळ्यांवर पेढे वाटले होते. पोलीस केसचं त्यांना अजून कळलं नव्हतं.

"हाताला काय झालं?" अरुणाताईंनी विचारलं.

"सोल्डरिंग करताना भाजला. चार बोटं. पाणी लागू द्यायचं नाही सांगितलंय डॉक्टरनी, पिशवी बांधून आंघोळ करतो." तो एकदम वर बघून म्हणाला, "मॅडम, राग होता मला. पाटीवर नाव पाहिजे होतं, बाबांना दाखवायला. पण ती आजी बोलताना मी स्वतः समोर बसलो होतो. तिचा आवाज मी कसा पुसेन?"

"मला ती काच समजावून सांग. मला कळेल अशी."

कुलदीपनं समोरच्या टेबलावरचं फडकं डाव्या हातानं पसरलं.

"समजा चार जणांनी चादर ताणून धरलीय, चार कोपऱ्यांना. मधे कुठेतरी कोणी बोट टेकवलं, तर ज्याच्या जवळ टेकवलं त्याच्या हाताला जास्त ओढ बसणार. चौघांनी आपापली ओढ सांगितली, की डोळे मिटूनही बोट कुठं टेकलं ते काढता येतं. आपली काच तशीच आहे. तिच्यावर धातूचा थर दिलाय, इतका पातळ की आरपार दिसतं. चारी कोपऱ्यांतून त्यात अगदी कणभर वीज सोडलेली असते. माणसाच्या अंगातून वीज जाते, म्हणून बोट टेकलं की थोडी आपल्याकडे ओढली जाते. कुठल्या कोपऱ्यातून किती गेली ते यंत्र मोजतं आणि जागा ओळखतं."

"म्हणजे दाबावं लागत नाही?"

"अजिबात नाही. दाबायच्या काचा वेगळ्या. त्यांत दोन पातळ पडदे असतात, दाबले की एकमेकांना चिकटतात. त्यांना पेन्सिल टोचली तरी चालतं. हिला नाही चालत. हिला माणूसच लागतो."

अरुणाताई त्या फडक्याकडे बघत राहिल्या. खिडकीबाहेर खाडीचं पाणी ओसरत होतं आणि चिखलावर बगळे उतरत होते. मग त्यांनी डोळे मिटले. त्यांना झोप लागली असावी, असं कुलदीपला वाटलं.

"सुनीतीबाईंना बोलाव," त्या अचानक म्हणाल्या. "येताना हातमोजे घालून या म्हणावं."

४

आधी अरुणाताईंनी बंद काच पाहिली. बॅटरी तिरपी धरून, भिंगातून, अगदी नाक लावून. मधल्या भागात बोटांच्या ठशांची गर्दी होती, एकावर एक चढलेली. त्यातून काही निघणार नव्हतं. कोपऱ्यांवर आज सकाळचे कुलदीपच्या डाव्या बोटाचे ठसे होते. आणि त्यांच्याखाली आणखी काहीतरी होतं: चारी कोपऱ्यांवर सुकलेले पांढुरके डाग. त्या डागांत बोटांच्या रेषा नव्हत्या. उभे-आडवे धागे उमटले होते.

"कापड," त्या म्हणाल्या. "पंढरीला स्वप्न पडलेलं नव्हतं. हात खरंच कापडात होता."

सुनीतींचा चेहरा उतरला. कुलदीपनं बँडेजचा हात पाठीमागे घेतला.

"आता यंत्र चालू कर. पण आत काही लिहिलं जाईल असं काही करू नकोस. सुनीतीबाई, मोज्यासकट खेकड्याला हात लावा."

सुनीतींनी मोज्याचं बोट खेकड्यावर ठेवलं. खेकडा हलला नाही. त्यांनी जोर दिला, तरी काच ढिम्म. मग कुलदीपनं बँडेजचा हात टेकवला. जाड कापसातून काचेला त्याचा पत्ताच लागला नाही.

"बघितलंत?" अरुणाताई म्हणाल्या. "तुमचा हात नव्हता आणि याचाही नव्हता."

"पण मग…" सुनीती गोंधळल्या. "कापडाला काच ओळखत नाही. पंढरी म्हणतो पांढरा हात टेकला आणि चित्रं बदलली. दोन्ही खरं कसं असेल?"

"हाच तर प्रश्न आहे. त्याच्या आधी आणखी एक. तुम्हा दोघांना ही काच पक्की माहीत आहे. तुमच्यापैकी कुणाला आवाज पुसायचा असता तर तुम्ही मोजा काढला असता. कुलदीपनं डावा हात वापरला असता, आज सकाळी वापरला तसा. कापडासकट हात लावणारं माणूस ते, ज्याला कापडानं अडतं हेच ठाऊक नव्हतं."

"पण कोपऱ्यांची खूण माहीत होती!" कुलदीप म्हणाला.

"हो. खूण माहीत आणि काच माहीत नाही. असं कोण आहे?"

अरुणाताईंनी करंगळी एका पांढुरक्या डागावर फिरवली आणि जिभेला लावली. सुनीतींनी तोंड वाकडं केलं.

अरुणाताई मात्र हसल्या. "स्वयंपाकघर आहे का इथं? वाटीभर पाणी आणा. आणि मीठ."

५

रुमाल मिठाच्या पाण्यात भिजवून अरुणाताईंनी बोटाला गुंडाळला आणि खेकड्यावर टेकवला.

खेकडा उजळला. पेटीतून कुणीतरी खेकड्यांच्या बिळांबद्दल सांगू लागलं.

"खारं पाणी," कुलदीप पुटपुटला. "त्यातून वीज जाते. कापड ओलंच असेल तर ते अंगासारखंच झालं."

"आणि वाळल्यावर काचेवर मीठ राहिलं. आता आठवून सांग. कोपऱ्यांची खूण तू कुणासमोर केली होतीस का?"

"कोणासमोर नाही. म्हणजे…" तो थांबला. "भैरूबाबांना कमी ऐकू येतं. त्यांच्यासाठी मागच्या आठवड्यात आवाज वाढवून दिला. ते डोळे मिटून उभे होते. पण त्यांना घेऊन जायला त्यांची मुलगी आली होती. शालन. मासे विकते. ती बघत होती."

दिवाळ्याच्या धक्क्यावर ओहोटी लागली होती. होड्या चिखलात कलंडल्या होत्या आणि बांबूंवर बोंबील वाळत होते. उन्हात सगळं गाव पेंगल्यासारखं वाटत होतं. शालन माशांच्या पाटीसमोर बसून एकेक मासा साफ करत होती. तिच्या उजव्या हाताला बोटांपासून तळव्यापर्यंत पांढरी चिंधी करकचून बांधलेली होती आणि चिंधीतून खाडीचं पाणी टपकत होतं.

अरुणाताई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "कशानं लागलं?"

"शिंगाळा साफ करताना काटा लागला. चांगलाच घुसला." मग शालननं त्यांच्याकडे नीट पाहिलं. कोयता खाली ठेवला. "तुमी दालनातून आलाव."

"हो."

"पोलीस हाव?"

"होते. आता नाही. शालन, त्या कुलदीपवर उद्या केस होणार आहे."

शालनचा हात ओठांवर गेला. "त्याच्यावर? त्यानं काय केलंय? मीच पुसला आवाज. आयचा." ती उठली आणि धक्क्याच्या टोकाकडे चालू लागली. अरुणाताईही मागोमाग गेल्या.

"रोज तिथं जाऊन उभा राहतो बाबा," शालन पाण्याकडे बघत बोलू लागली. "आधी मला बरं वाटलं. तेवढाच जीव रमतो. मंग घरी बी त्याला हाक ऐकू याया लागली. बोलतो, तुझी आय पल्याड हाय, त्या काठावर. धुकं पडलंय म्हनून मला बोलवते. कालच्या सकाळी अंथरुनात नव्हता. बघते तर इथं, पान्यात. छातीपर्यंत. धुक्यात चालत चाललाय समोर, आन् भरती लागलेली."

तिनं डोळे पुसले, ओल्या चिंधीनंच.

"वढून काढला. त्याच दुपारी पाटी बाहेर ठेवली आन् आत गेले. पोरानं जिथं जिथं बोट लावलेलं तिथं लावलं. होडीच्या म्होरं फुली होती. फुलीला हात लावला. माझीच आय ना ती. एकदा ऐकून घेऊ का, असं वाटलं. पन ऐकलं असतं तर झालं नसतं माझ्यानं."

दूर ओहोटीच्या पाण्यात एक पक्षी स्वतःच्या सावलीवर उभा होता. तीस वर्षांत अरुणाताईंनी पकडलेल्यांपैकी कुणीच असं नव्हतं.

"बाई," शालननं विचारलं, "आता ती कायमची गेली का?"

६

"बहुतेक नाही," कुलदीप म्हणाला.

सगळे दालनात जमले होते. शालननं सुनीतींना सगळं सांगितलं होतं आणि ती दाराशी उभी होती, आत यायचं की नाही हे न कळल्यासारखी. सुनीतींनी तिला रागानं काही म्हणावं म्हणून तोंड उघडलं, पण त्या नुसत्याच म्हणाल्या, "पाण्यात? छातीपर्यंत?" आणि स्टूल पुढे सरकवलं.

"पुसलं की फक्त नाव पुसलं जातं," कुलदीप डाव्या हातानं कीबोर्ड जोडत सांगत होता. "आवाज तिथंच पडून असतो. त्याच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं तरच जातो. मॅडमनी लगेच प्लग काढला ते बरं झालं. बघतो शोधून."

ऊन खिडकीतून सरकत शिडावर गेलं. कुलदीप पडद्यावरच्या आकड्यांत बुडून गेला होता. मधेच भैरू आला. पंढरीनं त्याला बोलावून आणलं होतं. लेकीनं काय केलं ते त्याला वाटेतच कळलं होतं.

"मला इचारायचंस," तो शालनला म्हणाला.

"इचारलं असतं तर तू हो बोलला असता?"

भैरू तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभा राहिला.

"सापडला," कुलदीप म्हणाला. "पण हा मोठा आहे. आपण लावलेली हाक अर्ध्या मिनिटाची. ही अख्खी फीत दिसतेय, हाक कापून घेण्याआधी मी यंत्रात भरलेली आणि मग पुसलेली."

"मीच हाक तेवढी ठेवायला सांगितली होती," सुनीती म्हणाल्या. "पुढे आमच्या इकडच्या तिकडच्या गप्पा आहेत. लोक कंटाळतील म्हणून…"

शालननं एकदम बापाचा दंड धरला. "नको. नका लावू."

अरुणाताईंनी सुनीतींकडे पाहिलं. "गप्पा कसल्या आहेत?"

सुनीती आठवत राहिल्या. मग त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले. त्या शालनजवळ गेल्या आणि तिच्या ओल्या हातावर हात ठेवला. "ऐकू दे त्यांना. शेवटपर्यंत ऐकू दे. माझं ऐक."

कुलदीपनं आवाज वाढवला.

"याऽऽऽ." हाक दालनभर पसरली. भैरूनं डोळे मिटले. त्याचं एक पाऊल पुढे सरकलं. शालननं दंड सोडला नाही. हाक थांबली, पूर्वी थांबायची तिथेच. मग थोडी खरखर झाली, बांगड्या वाजल्या आणि गिरजाबाई साध्या, रोजच्या आवाजात बोलू लागल्या.

"अशी घालायची. मंग होडी आवाजावर येते."

फितीतल्या सुनीतींनी विचारलं, "आणि आजी, तुमचा माणूस घरीच असला तर? तरी घालता हाक?"

गिरजाबाई खळखळून हसल्या. "वेडी का काय तू? घरी हाय त्याला कशाला बोलवू? घरी हाय तर ‘बस’ बोलते, आन् जेवायला वाढते."

खरखर झाली आणि आवाज संपला.

भैरू डोळे मिटूनच उभा होता. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पंढरीनं नाक ओढलं आणि तोंड फिरवून खिडकीची कडी उगाचच सारखी केली.

"ती हसली," भैरू म्हणाला. "आयकलंस, शालन? किती दिसांनी हसली."

"आयकलं."

त्यानं डोळे उघडले. आजूबाजूला, माणसांकडे, होडीकडे, काचेकडे असं पाहिलं, जसं लांबून आलेलं माणूस बघतं. मग तो पायऱ्यांवर जाऊन चपला शोधू लागला.

"भाकऱ्या केल्यास का आज?" त्यानं विचारलं.

"नाय अजून."

"मंग चल की घरी," भैरू म्हणाला. "भूक लागली."